पाण्यातला सोमल आणि घरातले आर.ओ. मशीन

अलीकडे आमच्या दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की पेशंट उठता उठता म्हणतो, ‘‘डॉक्टरसाहेब, ते आर.ओ. मशीन घेऊन टाकू का? शेजारी सगळ्यांनी घेतलंय.’’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण मशीन घ्यायचे की नाही, हे शेजाऱ्यावर नव्हे, तर आपल्या पाण्यात काय आहे यावर अवलंबून असते. गावातल्या नळाचे पाणी पिणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज नसते. पण काही गावांत पाण्यात असे एक विष असते की तिथे नेमके काय घ्यावे आणि ते कसे वापरावे, हा जन्ममरणाचा प्रश्न होतो. त्या विषाचे नाव आर्सेनिक.

आपल्या आजी-आजोबांना हे विष ठाऊक होते. ते त्याला सोमल म्हणत. वैद्यांच्या पेटीतले हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिक आणि गंधक यांचीच खनिजे. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून ते पुसून टाकत; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. सोमलाने माणूस मारल्याच्या गोष्टीही आपण ऐकल्या आहेत. आज ज्याबद्दल लिहायचे आहे, तो सोमल मात्र कोणी कोणाला घालत नाही. तो जमिनीखालच्या खडकातून आणि गाळातून पाण्यात उतरतो आणि रोज घोटाघोटाने पोटात जातो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हंड्यातले पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते, गोड लागते, डाळही छान शिजते.

हे कुठे आढळले?

आपल्या देशात या दुखण्याकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी, १९८३ साली. पश्चिम बंगालच्या खेड्यांतून अंगावर ठिपके आणि तळहातांना भेगा घेऊन माणसे त्यांच्याकडे येत होती. त्यांचे मूळ कूपनलिकेच्या पाण्यात निघाले. पुढे जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून हजारो नमुने तपासले. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझापट्टी आणि त्यानंतर उत्तर प्रदेशातील बलिया भाग, अशी गंगेच्या खोऱ्यातली नावे वाढत गेली.

शेजारच्या बांगलादेशाची कहाणी तर फारच विचार करायला लावणारी आहे. तळी आणि डबकी यांचे पाणी पिऊन तिथे पटकीने आणि हगवणीने लेकरे दगावत. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकापासून गावोगाव हातपंप बसवले गेले. हेतू चांगलाच होता आणि जंतूंपासून बचावही झाला. पण त्या पाण्यात आर्सेनिक असेल, असे कोणाच्या मनात आले नाही आणि तशी तपासणीही झाली नाही. पुढे जवळपास ५० लाख हातपंप तपासावे लागले. सुरक्षित पंपाला हिरवा रंग आणि विषारी पंपाला लाल रंग देण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात २००० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात, एखाद्या लोकसमूहाला झालेली इतिहासातील ही सर्वांत मोठी विषबाधा असल्याचे म्हटले गेले. धडा सरळ आहे. पाण्याचा एक दोष गेला म्हणजे पाणी निर्दोष झाले, असे नव्हे.

वाचक म्हणतील, बंगाल आपल्यापासून दूर आहे. पण राजनांदगाव दूर नाही. आपल्याकडचे कितीतरी लोक नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरीला जातात. त्याच्या दक्षिणेला अंबागढ चौकी हा भाग आहे आणि तिथे कौरीकसा नावाचे गाव आहे. १९९९ साली, म्हणजे तो भाग मध्य प्रदेशात असताना, तिथल्या हातपंपांत आणि विहिरींत आर्सेनिक सापडल्याचे प्रसिद्ध झाले. आज हा भाग छत्तीसगडमध्ये असून २०२२ पासून मोहला-मानपूर-अंबागढ चौकी या नव्या जिल्ह्यात मोडतो. त्याची हद्द आपल्या गडचिरोलीला लागून आहे. हद्दीच्या दोन्ही बाजूंना रोटी-बेटीचा व्यवहार आहे. बंगालमध्ये आर्सेनिक नद्यांनी आणलेल्या गाळात आहे, तर इथे ते जुन्या खडकांत आहे. म्हणून ‘विहिरीचे पाणी चालेल, फक्त हातपंपाचे नको’ असा बंगालकडचा साधा नियमही इथे लागू पडत नाही.

महाराष्ट्रातील भूजलाचा मोठा त्रास आर्सेनिकचा नसून फ्लोराइडचा आणि नायट्रेटचा आहे, हे मी मुद्दाम सांगतो. उगाच घाबरू नये. पण ज्यांचे माहेर, सासर किंवा शेत त्या पट्ट्यात आहे, त्यांनी पुढचे नीट वाचावे.

शरीरात काय होते?

पाण्यातले आर्सेनिक आतड्यातून रक्तात जाते आणि त्यातले बरेचसे काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडते. पण रोज नवे येत राहिले तर शरीराला उसंत मिळत नाही. त्रास दिसायला साधारणपणे पाच-दहा वर्षे लागतात. प्रथम छाती, पाठ, दंड यांवर पावसाचे थेंब धुळीत पडावेत तसे काळपट आणि फिकट ठिपके उमटतात. मग तळहात आणि तळपाय जाड होतात, त्यांवर ज्वारीच्या किंवा मुगाच्या दाण्याएवढ्या टणक गाठी येतात. पुढे हातापायांना मुंग्या, थकवा, खोकला. याहून गंभीर म्हणजे वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्यांत कातडीचा, फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण वाढते.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या आंतोफागास्ता शहरात १९५८ ते १९७० या काळात नळाला आलेल्या नदीच्या पाण्यात लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाले आणि प्रमाण झपाट्याने उतरले. तरीही फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढे कित्येक वर्षे चढेच राहिले. ज्यांनी ते पाणी आईच्या पोटात किंवा लहानपणी घेतले, त्यांच्यात तरुण वयात फुप्फुसाच्या आजाराने मृत्यू जास्त आढळले. म्हणून घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर पाणी तपासायला आणखी एक वर्षही थांबू नये.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात दिलेली एक लेक आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. माहेर हद्दीपलीकडचे. वय पन्नाशीचे, अंगाने कष्टाळू. पुष्कळ दिवस गजकर्णाचे मलम लावून झाले होते. छातीवर ठिपके आणि तळहात असे खरखरीत की नमस्काराला हात जोडले तर आवाज यावा. गावात कोणीतरी ‘महारोग’ म्हटले होते. तेव्हापासून पंगतीत शेजारी बसायला लोक कां-कूं करू लागले आणि धाकट्या मुलीची सोयरीक दोनदा मोडली. मी ठिपक्यांवर कापूस फिरवून पाहिला. स्पर्श सगळीकडे शाबूत होता. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा बधिर असतो. (आणि तो असता तरी आज त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध आहे आणि तो पूर्ण बरा होतो, हेही सांगून ठेवतो.) त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि घरच्या हातपंपाचे पाणी तपासायला सांगितले. निदान पक्के झाले आणि पाण्यात आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. हे दुखणे संसर्गजन्य नाही, एकाचे दुसऱ्याला होत नाही, असे मी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून दिले. ती चिठ्ठी त्यांना औषधापेक्षा जास्त उपयोगी पडली असे लेक नंतर म्हणाली.

जावई भला माणूस. त्याने लगेच विचारले, ‘‘हप्त्याने आर.ओ. मशीन घेतो आणि सासऱ्यांकडे बसवून देतो. काम होईल ना?’’ त्याला मी जे सांगितले तेच आज वाचकांना सांगतो.

आर.ओ. म्हणजे काय?

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. दोन्हीकडे एकच नियम आहे. पातळ सालीच्या एका बाजूला कमी क्षार आणि दुसऱ्या बाजूला जास्त क्षार असले, की पाणी आपणहून जास्त क्षारांच्या बाजूला जाते. आर.ओ.मध्ये याच्या उलट करायचे असते. पंपाने जोर लावून क्षारांच्या बाजूचे पाणी एका अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पलीकडे ढकलायचे. पाणी जाते, क्षार मागे राहतात. असा उपयोगी पडदा १९६० च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. आपल्याकडे भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेने आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही या पडद्यांवर पुष्कळ काम केले आहे. म्हणजे शास्त्र खरे आहे, त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती विक्रीत.

माझ्याकडे एक विक्रेता आला होता. त्याने एका पेल्यात आमच्या नळाचे आणि दुसऱ्यात मशीनचे पाणी घेतले. दोन्हीत लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या बुडवून विजेचे बटण दाबले. मिनिटभरात नळाचे पाणी तांबूस-काळे, गढूळ. मशीनचे जसेच्या तसे. ‘‘पाहा साहेब, किती विष पिता!’’ मी कंपाउंडरला सांगून मशीनच्या पाण्यात चिमूटभर घरचे मीठ टाकले आणि पुन्हा बटण दाबायला लावले. तेही तसेच गढूळ झाले. कारण तो मळ पाण्यातला नव्हताच. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडाची कांडी झिजून तिचा गंज पाण्यात उतरतो. आर.ओ.च्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. एवढेच.

दुसरे साधन म्हणजे पेनासारखा टी.डी.एस. मीटर. तो पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. आर्सेनिक त्याला दिसत नाही. हिशेबच पाहा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे १० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९३ मध्ये आपली मर्यादा ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. दहा हजार लिटरचे दहा टँकर उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक टाका, ही ती मर्यादा. मीटर ३०० किंवा ५०० असा आकडा मिलिग्रॅममध्ये दाखवतो. मर्यादेच्या दहापट आर्सेनिक असले तरी त्या आकड्यात एकाच्या दहाव्या भागाचा फरक पडेल. तेव्हा ‘टी.डी.एस. कमी म्हणजे पाणी सुरक्षित’ असे कोणी सांगितले तर आर्सेनिकच्या गावात त्यावर अजिबात विश्वास ठेवू नये.

आर.ओ. आर्सेनिक काढते का?

काढते, पण एक अट आहे आणि ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. पाण्यातले आर्सेनिक दोन रूपांत असते. एकाला आर्सेनेट म्हणतात. त्यावर विद्युतभार असतो आणि चांगला पडदा त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक अडवतो. दुसरे रूप आर्सेनाइट. नेहमीच्या पाण्यात त्यावर भार नसतो, त्यामुळे ते पडद्यातून बऱ्याच प्रमाणात निसटते. आणि हवा न लागलेल्या खोल भूजलात हेच दुसरे, अधिक विषारी रूप पुष्कळदा मोठ्या प्रमाणात असते. समजा पाण्यात ३०० मायक्रोग्रॅम आर्सेनाइट आहे आणि मशीनने त्यातले ७० टक्के काढले. कागदावर ७० टक्के छान दिसते, पण पेल्यात ९० मायक्रोग्रॅम उरले, म्हणजे मर्यादेच्या नऊपट!

यावर उपाय आहे. क्लोरिन लागले की आर्सेनाइटचे आर्सेनेट लगेच होते. म्हणून पाणी आधी टाकीत घेऊन त्याला योग्य प्रमाणात क्लोरिन देतात, मग कोळशाच्या फिल्टरमधून काढतात आणि नंतर पडद्याकडे पाठवतात. मधला कोळशाचा फिल्टर आवश्यक आहे, कारण क्लोरिनमुळे आजचे पडदे खराब होतात. हे काम जाणकार माणसाकडूनच बसवून घ्यावे आणि बाहेर येणारे पाणी प्रयोगशाळेत तपासून मगच प्यायला सुरुवात करावी.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, चवीची तोटी. अनेक मशीनांत ‘टी.डी.एस. कंट्रोलर’ नावाची एक छोटी तोटी असते. आर.ओ.चे पाणी बेचव लागते म्हणून त्यात पडद्यातून न गेलेले थोडे पाणी मिसळण्याची ती सोय आहे. आर्सेनिकच्या गावात याचा अर्थ काढलेले विष पुन्हा मिसळणे असा होतो. ती तोटी पूर्ण बंद करून घ्यावी.

दुसरी, सोडून दिलेले पाणी. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा तीनेक लिटर पाणी बाहेर टाकते. विष नाहीसे होत नाही, ते या टाकाऊ पाण्यात जमते. ६० मायक्रोग्रॅमचे चार लिटर पाणी आत गेले आणि एक लिटर शुद्ध मिळाले, तर उरलेल्या तीन लिटरांत सुमारे ८० मायक्रोग्रॅम प्रमाण होते. हे पाणी संडासात किंवा फरशी पुसायला वापरावे. गुरांना पाजू नये, परसातल्या भाजीला घालू नये, विहिरीजवळ सोडू नये.

तिसरी, पडद्याचे आयुष्य. तो दोन-तीन वर्षांत, खराब पाण्यात त्याहून लवकर थकतो. इथे मात्र टी.डी.एस. मीटर उपयोगी आहे. नव्या मशीनला आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. आत ६०० आणि बाहेर ६० येत असेल आणि पुढे बाहेरचा आकडा १५० झाला, तर पडदा गेला असे समजावे. शिवाय वर्षातून एकदा तरी आर्सेनिकची तपासणी करावी.

चौथी, स्वयंपाक. मशीनचे पाणी प्यायचे आणि भात मात्र हातपंपाच्या पाण्यात शिजवायचा, असे पुष्कळ घरांत चालते. आपण भात खाणारी माणसे. तांदूळ शिजताना पाणी पितो आणि त्याबरोबर आर्सेनिकही. म्हणून पिणे, भात, वरण, चहा, लेकराचे दूध या सगळ्याला चांगलेच पाणी हवे. अंघोळ, कपडे, भांडी यांना हातपंपाचे पाणी चालते. कातडीतून आर्सेनिक फारसे आत जात नाही.

मशीनशिवाय उपाय

इथे एक नेहमीची चूक सांगतो. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि आर्सेनिक तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण थोडे वाढतेच. मेणबत्तीचा फिल्टर, फडक्याने गाळणे, जंतू मारणारा अल्ट्राव्हायोलेटचा दिवा, या कशानेही ते जात नाही. हे उपाय जंतूंसाठी आहेत आणि जंतूंसाठी ते उत्तमच आहेत.

आर्सेनिकला खरी ओढ आहे ती लोखंडाच्या गंजाची. पाण्यात ताजा गंज असला की आर्सेनिक त्याला चिकटते, आणि तो गंज गाळून टाकला की पाणी सुटते. मूळचे बांगलादेशचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसम यांनी लोखंडाच्या याच गुणावर विजेशिवाय चालणारा ‘सोनो’ फिल्टर तयार केला. त्यासाठी त्यांना २००७ मध्ये अमेरिकेचे दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. मद्रासच्या आय.आय.टी.तील प्रा. टी. प्रदीप यांचे ‘अमृत’ हे तंत्रही लोहयुक्त पदार्थावरच आधारलेले आहे. आणि मुंबईत शिकलेले आपले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी अमेरिकेतील बर्कली येथे काम करून अशी पद्धत काढली, की पाण्यात लोखंडी पत्रे बुडवून वीज सोडायची, गंज तयार करायचा आणि त्याने आर्सेनिक पकडायचे. पश्चिम बंगालमधील धपधपी येथील शाळेत दिवसाला दहा हजार लिटर क्षमतेचे असे केंद्र २०१६ च्या सुमारास उभे राहिले. गंमत पाहा. जो तांबूस गाळ दाखवून विक्रेता आम्हाला घाबरवत होता, तोच गाळ तिथे लेकरांच्या पाण्यातले विष काढतो आहे.

पण सर्वांत स्वस्त उपाय याहून साधा आहे. जिथे विष नाही तिथले पाणी आणावे. एकाच गावात एक हातपंप विषारी आणि पन्नास पावलांवरचा दुसरा चांगला, असे पुष्कळदा आढळते. नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यात सहसा आर्सेनिक नसते. ते शुद्ध करून नळाने मिळत असेल तर उत्तम. छपरावर साठवलेले पावसाचे पाणीही चालते, फक्त ते उकळून किंवा क्लोरिन घालून घ्यावे.

त्या जावयाला मी हेच म्हणालो. हप्ते फेडण्याआधी गावातले बाकीचे पाणी तपासून घ्या. सासऱ्यांकडे वीज धड नसते, पडदा बदलायला माणूस तालुक्याहून यायला हवा. मशीन बंद पडले की घरचे लोक पुन्हा त्याच पंपाकडे वळतील आणि मशीन आहे म्हणून निर्धास्त राहतील, ते अधिक वाईट. त्यांनी तपासणी केली. घरापासून तीनेकशे पावलांवर, दुसऱ्या पाड्याला नदीच्या पाण्याचा नळ होता. आता पिण्याचे आणि स्वयंपाकाचे दोन हंडे सकाळी सायकलवरून येतात. दीड वर्षाने मी त्यांचे हात पाहिले. तळवे बरेच मऊ झाले होते, गाठी लहान झाल्या होत्या, काही ठिपके फिकटले होते. सगळे गेले नव्हते आणि सगळे जातीलच असे मी सांगितले नाही. दरवर्षी एकदा अंग तपासून घ्या. एखादी गाठ वाढली, चिघळली, लघवीतून रक्त आले किंवा खोकला महिनाभर राहिला, तर लगेच या, एवढे बजावले. धाकटीचे लग्न मात्र त्याच उन्हाळ्यात झाले.

या आजारावर रामबाण गोळी नाही. शरीरातून आर्सेनिक ओढून काढण्याच्या महागड्या इंजेक्शनांचा जुनाट आजारात उपयोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. कर्ज काढून ती घेऊ नयेत. विषारी पाणी थांबवणे हेच मुख्य औषध. त्याच्या जोडीला डाळी, अंडी, दूध, पालेभाज्या असा सकस आहार घ्यावा, बिडी-तंबाखू सोडावी आणि तळव्यांना त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले मलम लावावे.

मग आर.ओ. कोणी घ्यावे?

ज्यांच्या पाण्यात तपासणीनंतर आर्सेनिक, फ्लोराइड किंवा फार जास्त क्षार निघाले, दुसरे चांगले पाणी जवळ नाही, वीज आणि दुरुस्तीची सोय आहे, त्यांनी जरूर घ्यावे. धरणाचे शुद्ध केलेले पाणी नळाला येत असेल तर आर.ओ. म्हणजे पैशाचा आणि पाण्याचा अपव्यय. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटले होते, की ज्या पाण्यात एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आर.ओ. वापरू देऊ नये. आर.ओ.ने चुना आणि मॅग्नेशियम निघून जातात, हे खरे. पण ते आपल्याला मुख्यतः जेवणातून मिळतात. ज्याला आर.ओ.ची खरी गरज आहे त्याने त्या भीतीने ते टाळू नये.

गावात आर.ओ.चे केंद्र असेल आणि आपण जारचे पाणी आणत असाल, तर चालकाला विचारा, ‘‘आर्सेनिकचा आणि फ्लोराइडचा रिपोर्ट दाखवा. किती तारखेचा आहे?’’ पैसे देणाऱ्याने एवढे विचारायला संकोच करू नये.

तपासणी कुठे करावी? आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा ग्रामसेवकाला भेटून अर्ज द्यावा आणि त्यात ‘आर्सेनिकसह’ असा शब्द आवर्जून लिहावा, कारण नेहमीच्या तपासणीत तो घटक असेलच असे नाही. नमुना घेण्याआधी पंप पाच मिनिटे चालवावा, प्रयोगशाळेने दिलेलीच बाटली वापरावी, तीवर गाव, पंपाची जागा आणि तारीख लिहावी. रिपोर्ट आला की तो घरात ठेवू नये. ग्रामसभेत वाचून दाखवावा. पंप विषारी निघाला तर त्यावर लाल रंग मारावा आणि ‘पिण्यास व स्वयंपाकास नको’ असे लिहावे, म्हणजे वाटसरूलाही कळेल.

ज्यांच्या लेकी हद्दीपलीकडे नांदतात किंवा ज्यांच्या सुना तिकडून आल्या आहेत, त्यांनी पुढच्या सणाला जाताना एवढे करावे: सोबत पाण्याची बाटली न्यावी, घरातल्या मोठ्या माणसांचे तळहात उजेडात पाहावेत आणि काही खरखरीत, टणक दिसले तर त्यांना लाजू न देता डॉक्टरकडे न्यावे. तपासणीचा खर्च मशीनच्या एका हप्त्याहून कमीच येईल.

(पुढील आठवड्यात: फ्लोराइड आणि लहान मुलांचे दात)